आठ जनांची जीप

गाडी माह्या दुकानापुढं उभी राह्यली का मी पयले एकच इचारतो, बसनार किती? गाडी कोनाची, पाटा कसा मोडला, कवा पाह्यजे, हे सारं मंग. लोकाह्यले राग येते. म्हनतात, तुले काय करायचं, तू पाटा बदल. मी म्हनतो, बाप्पा, बदलतो ना, पन त्याच्यावर वजन किती जनांचं येनार ते मले माईत नोको?

कमान म्हंजे गाडीच्या बुडाखाली एकावर एक बांधलेले पोलादाचे पाटे. सारं वजन त्याच्यावर. अन् वजन बसवल्याबिगर मी शेवटचा बोल्ट कसत नाई. मालकानं सहा सांगितले त स्टँडावरून सहा मानसं बोलावतो, गाडीत बसवतो, दांडीनं उंची मोजतो अन् मंगच पाना लावतो. जबलपूरच्या मिलिटरी वर्कशापात एका सरदारजी हवालदारानं शिकवलेली रीत हाये ही. रिकाम्या गाडीवर बोल्ट कसला त कमान आखडते, अन् मानसं बसले का कुरकुर करते. स्टँडावरचा हाटेलवाला सेवालाल मले चिडवे. म्हने, "ग्यानबा, तुयं दुकान म्हंजे लगनच हाये, वऱ्हाड बसवतं अन् नेत कुठीच नाई." मंगरूळपिरात माह्यासंगं दोन शब्द बोलनारा तो एकटाच होता, म्हनून मी ऐकून घेत होतो. बाकीच्याह्यले माह्या जिभेचं भेव. जिभेले हाड नाई माह्या, हे मीबी कबूल करतो.

घरी बोलायले कोनी नव्हतं. बायको, लिलाबाई, पोराकडं भुसावळले गेली होती. नातू झाला म्हनून तीन महिन्यासाठी गेली, त्याले चार वर्सं झाले. सुरुवातीले मी तिची खाट भिताडाले लावून ठेवली. मंग एक दिवस राग आला अन् ती खाट सेवालालच्या हाटेलात देऊन टाकली, गिऱ्हाईक बसायले. दोन खाटांच्या घरात एकटा निजनं लय वंगाळ. एक खाट असली का निदान घर तेवढंच आहे असं वाटते.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट सांगून राह्यलो. गावातले कापसाचे यापारी लखमीचंद शेठ वारून सहा वर्सं झाले होते. त्यांची विधवा, भंवरीबाई, त्या मोठ्या घरात एकटीच. पोरगा जिनदास कापडाच्या धंद्यासाठी सिकंदराबादले जाऊन तिथलाच झाला होता. शेठनं मिलिटरीच्या लिलावातून घेतलेली जीप तेवढी इथी राह्यली. शेठ असताना त्या जीपीत कापसाच्या गाठींसंगं मानसं कोंबलेले असत. आता दर पुनवेले मी ती काढायचो अन् शेठानीबाईले शेलूबाजार, मालेगाव करत शिरपूरले पारसनाथाच्या दर्शनाले न्यायचो. मी बौद्ध. त्या घराच्या ओसरीच्या आत माहा पाय कधी गेला नाई, अन् कोनी ये म्हनलंबी नाई. पन जीपीत आमच्या दोघांच्या मधात फकत गिअरचा दांडा असे. ती बोले, मी ऐको. मी बोलो, ती ऐके. महिन्यातला तोच एक दिवस माह्या तोंडाचा चांगला उपेग होये.

त्या साली तिनं वर्षीतप धरलं होतं. एक दिवस जेवन नाई, फकत उकळलेलं पानी, तेबी दिवस बुडायच्या आधी. दुसऱ्या दिवशी जेवन. पुन्हा उपास. असं तेरा महिने. ते सुटते अखातीजले, म्हंजे अक्षय तृतीयेले, उसाच्या रसानं. अन् तो रस आपल्या हातानं घ्यायचा नसते. आपल्या मानसानं पाजायचा असते, पोरानं, नातवानं. चांदीच्या लहान्या लोटीतून. मले हे तिनंच सांगितलं, गाडी चालवता चालवता. शिरपूरले पारनं करायचं, सारं घर संगं न्यायचं अन् शेठच्या जीपीतूनच न्यायचं, हे तिच्या मनात पक्कं होतं.

अखातीजच्या महिनाभर आधी तिनं मले बोलावलं. मी ओसरीवर बसलो. ती म्हने, जीपीची उंची आता मले झेपत नाई. खरंच होतं. उपासानं ती चिपाड झाली होती, गुडघे गेले होते. लाकडी स्टूल ठेवून चढायची, अन् मागच्या पुनवेले स्टुलावरूनबी पाय उचलला गेला नाई. तीनदा खाली आला. मी हात द्यायचा नाई अन् तिनं मागायचा नाई, अशी आमची रीत. मी दुसरीकडं पाहत उभा राह्यलो होतो.

मी तिले दोन रस्ते सांगितले. कोळशानं फरशीवर चित्रंबी काढले. एक, कमानीतले पाटे कमी करायचे, उरलेले ठोकून चपटे करायचे. एका दिवसाचं काम. गाडी वीतभर खाली येते, मऊबी चालते. पन मंग ती दोन, फार त तीन मानसांची गाडी. आठ बसले का बूड रबराच्या गुटक्यावर टेकते अन् खड्ड्यात धाडधाड आपटते. दुसरा रस्ता पेचाच्या स्प्रिंगचा. मोडीतल्या मोटारीचे गोल स्प्रिंग आनायचे, त्याच्या आत आटे पाडलेला लोखंडी नळ बसवायचा, वर मोठा नट. नट फिरवला का गाडी वर, उलटा फिरवला का खाली. ती बसताना खाली करायची, सारे बसले का वर घ्यायची. पन आटे अकोल्याच्या लेथवर पाडावे लागतीन, तीन आठवडे जातीन, अन् माह्या हाताचं ते पयलंच काम राहीन.

यापाऱ्याच्या घरातली बाई. चित्र पाहूनच समजली.

"म्हंजे एकात आजच ठरवून टाकाचं, अन् दुसऱ्यात मानसं आल्यावर ठरवता येते," ती म्हने.

मी म्हनलं, हो, तसंच.

"मंग दुसरंच कर."

मी माह्या सवयीनं इचारलं, बसनार किती? तिनं बोटं मोजले. जिनदास, सून तारामती, चार लेकरं, मी, अन् तू. आठ. मोजनीत तिनं मलेबी धरलं. मले कोनी मोजनीत धरून चार वर्सं झाले होते. मी मान खाली घातली अन् फरशीवरचा कोळसा धोतरानं पुसला. ती म्हने, पुसू नोको, राहू दे.

जीप मी दुकानात आनली. मागची कमान खोलली अन् पाटे अलग केले, त काय पाह्यतो! मधात नुस्ता गंज. ज्या गाडीत मानसं बसतात तिचे पाटे एकमेकावर घासून चकचकीत राहतात, आरशावानी. हे पाटे गंजून एकमेकाले चिकटले होते. सहा वर्सात त्या मागच्या बाकावर कोनी बसलंच नव्हतं. दोन दिवाळ्या जिनदासनं येतो म्हनून लिहिलं होतं अन् दोन्ही येळा तार आली होती, का जमत नाई. मले सारं माईत होतं. पन माईत असनं येगळं अन् हातात गंज लागनं येगळं.

त्याच आठवड्यात माह्या पोराचं कार्ड आलं. यंदाबी आईले धाडता येत नाई, दुसरं लेकरू होनार हाये, तुमीच या. तुमीच या म्हने! दुकान काय खिशात घालून नेऊ? मी ते कार्ड भट्टीत टाकलं. अन् त्या दिवसापासून माह्या डोक्यात एकच बसलं, का येनारे येत नसतात. कायले अकोल्याले जाऊ, कायले आटे पाडू? त्या म्हातारीले सुखानं जीपीत बसता आलं पाह्यजे, बस. पोराच्या नावानं ती गाडी उंच ठेवनार, अन् गुडघे कोनाचे जानार? तिचेच. मी म्हनलं, तिले समजत नाई, मले समजते. अति शहाना त्याचा बैल रिकामा म्हनतात, ते काई उगीच नाई म्हनत.

मी पाटे काढले. पुढचे दोन दोन, मागचे तीन तीन. उरलेले तापवून चपटे केले. बोल्ट कसायची येळ आली तवा स्टँडावरून मानसं बोलावले नाईत. स्टेरिंगच्या चाकामागं मी सोता बसलो अन् बाजूच्या सीटवर जवारीची अर्धी गोनी ठेवली. शेठानीबाईचं वजन तेवढंच राह्यलं होतं. दांडीची खून पाहून उतरलो अन् पाना लावला. काम सुरेख झालं होतं, हे खोटं कायले बोलू. तीन आठवडे लागतीन म्हनलं होतं, म्हनून अखातीजपर्यंत जीप दुकानातच ठेवली, मधातली पुनवबी हुकू दिली, म्हंजे तिले संशय नोको. तिनं निरोप धाडून दोनदा इचारलं, पेच बसला का? मी सांगितलं, बसून राह्यला.

अखातीजच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी जीप घेऊन तिच्या दारात गेलो. जिनदासचं पत्र आलं होतं. सारे रेल्वेनं वाशीमले उतरतीन अन् तिथून चार वाजताच्या मोटारीनं मंगरूळपीरले येतीन. तार काई आली नव्हती. तिले त्याहिले घ्यायले स्टँडावर जायचं होतं. उपासाचा दिवस होता तिचा, शेवटचा. नवं पांढरं लुगडं नेसली होती अन् हातात ते लाकडी स्टूल.

तिनं स्टूल खाली ठेवलं, त्याच्यावर उभी राह्यली अन् जीपीच्या उंचीचा अंदाज घेऊन सारा जोर लावून पाय उचलला. पाय वरच राह्यला. गाडी खाली होती. ती पडता पडता वाचली. मंग तिनं स्टुलावरून उतरून, जमिनीवरूनच पाय टाकला अन् घरच्या पायरीवर चढावं तशी चढून बसली. मले वाटलं, आता खूश होईन. ती बसली, अन् वाकून चाकाजवळ पाह्यलं. गोल स्प्रिंग कुठी दिसतो का ते.

"हे पेचाचं नाई, ग्यानबा."

"नाई."

"किती जनांची केली?"

"दोघांची," मी म्हनलं.

ती समोर काचेकडं पाहत राह्यली. मले वाटे, शिव्या देईन. शिव्या दिल्या असत्या त बरं होतं. ती फकत म्हने, चाल, मोटार येईन.

स्टँडावर लिंबाखाली जीप लावली. चार वाजताची मोटार पावनेपाचले आली. आसेगावचे बाजारकरी उतरले, एक मास्तर उतरला, दोन बाया कोंबड्या घेऊन उतरल्या. ती एकेकाच्या तोंडाकडं पाहे. मोटार रिकामी झाली अन् पुढं निघून गेली. शेवटची मोटार साडेसहाची. तोवर आमी तिथंच. सेवालालनं चहा धाडला, मी घेतला. तिले पानीबी चालत नव्हतं, दिवस उतरला होता. शेवटच्या मोटारीतून इंझोरीचं एक नवरा-बायकोचं जोडपं उतरलं अन् कंडक्टरनं दार लावून घेतलं.

आता, रेल्वेचं काय खरं असते का? त्या लाइनीवर गाडी चार चार घंटे लेट होये. रेल्वे लेट असन बाई, सकाळी येतीन, एवढं म्हनायले काय लागत होतं? कोनबी म्हनलं असतं. शत्रूनंबी म्हनलं असतं. पन माह्या हातानं पाटे काढलेले होते, अन् माह्या डोक्यात पोराचं कार्ड जळून राह्यलं होतं. उचलली जीभ अन् लावली टाळ्याले.

"चला बाई, आता कोनी येत नाई," मी म्हनलं.

तिनं पदर सावरला. आवाज एकदम साधा होता तिचा.

"गाडी आठ जनांची असती त मी सकाळच्या मोटारीची वाट पाह्यली असती. आता कोनासाठी थांबू? उद्या उजाडताच निघू."

मी म्हनलं, उजाडायच्या आत पाटे पुन्हा टाकून देतो, मले दोन घंटे लागतात. ती म्हने, राहू दे. चांगलं बसता येते.

अखातीजले आमी उजाडता उजाडता निघालो. तिनं घराले कुलूप लावलं अन् किल्ली कमरेले खोचली. रस्ताभर ती काई बोलली नाई. जीप इतकी मऊ चालत होती का गिअर बदलल्याचंबी समजे नाई. कारागिराले आपल्या कामाचा कधी राग येते काय? मले त्या दिवशी आला. एकदा तरी आपटावी, कुरकुरावी असं वाटे. शेलूबाजारच्या खड्ड्यातबी ती पान्यावरून गेल्यासारखी गेली.

शिरपूरले मांडव पडला होता. तप करनाऱ्या बायका एका रांगीत बसल्या होत्या अन् एकेकीच्या भोवती तिचं घर. लेकी, सुना, जावई, भाऊ. कोनी पंख्यानं वारा घाले, कोनी पाय दाबे. भंवरीबाईच्या भोवती मोकळी जागा. मी फाटकाबाहेरून पाहत होतो. तिच्या पाळीले रस घेऊन आलेल्या मानसानं इचारलं असन, तुमच्यातलं कोन? ती काय म्हनली ते मले ऐकू आलं नाई, फकत मान हलताना दिसली. बाजूले बसलेल्या कारंजा गावच्या एका बाईनं आपल्या नातवाले पुढं ढकललं. त्या पोरानं तिले रस पाजला, घाईघाईनं, अन् आपल्या आजीकडं पळून गेला. तिच्या हनवटीवरून रस ओघळला. तिनं सोताच पुसला. तेरा महिन्याचं तप तिथी सुटलं. मी जीपीमागं जाऊन उभा राह्यलो.

परत आलो तवा दुपारचा एक वाजला होता. गल्लीत वळलो अन् माहा पाय ब्रेकवर गेला.

तिच्या घराच्या पायऱ्यांवर मानसं बसले होते. ट्रंका, वळकट्या, पान्याची सुरई. जिनदास, डोक्यावर रुमाल टाकून. तारामती. चार लेकरं, उन्हानं लालबुंद.

रेल्वे सात घंटे लेट झाली होती. वाशीमले पोहोचले तवा शेवटची मोटार गेलेली. लेकराह्यले घेऊन फलाटावर निजले अन् सकाळच्या पयल्या मोटारीनं आले. आठ वाजता दारात होते. दाराले कुलूप. शेजाऱ्यानं सांगितलं, शेठानी उजाडतानाच गेली. मालेगावकडची मोटार निघून गेलेली, दुसरी तीनले. आठाले आमी निघालो असतो तरी अकराच्या आत शिरपूर होतं. पारनं बाराच्या आत करायचं असते. मी तिथल्या तिथी हिशेब केला.

ती जीपीतून उतरली. सोपं होतं उतरनं, पाय टाकला का जमीन. जिनदासनं पायावर डोकं ठेवलं अन् इचारलं, माय, अजून एका मोटारीपुरती काहून नाई थांबली? तेरा महिने थांबली, अन् एका मोटारीपुरती नाई?

मी स्टेरिंगवर हात ठेवून बसलेला. मनात म्हनलं, आता ही माह्याकडं बोट दाखवीन. हा ग्यानबा, यानं केलं, म्हनीन. मी तयारच होतो. खरं सांगतो, म्हनावं असंच वाटत होतं.

"मलेच घाई झाली," ती म्हने. माह्याकडं तिनं पाह्यलंबी नाई.

तारामतीच्या मांडीवर चांदीची लहानी लोटी होती, तोंडाले फडकं बांधलेली. स्टँडावरच्या घान्यावरून सकाळीच रस घेतला होता, पाच घंट्यात तो काळा पडला होता. सर्वात लहाना नातू, पाचेक वर्साचा, ती लोटी दोन्ही हातात धरून आजीपुढं आला. तिनं खाली बसून त्याच्या हातानं घोट घेतला. त्याचं तोंड कुरवाळलं. गोड हाये म्हनलं. पन पारनं होऊन गेलं होतं, अन् ते तिलेबी माईत होतं, मलेबी.

मंग लेकराह्यले जीप दिसली. आजोबाची गाडी! चारही लेकरं मागच्या बाकावर चढले. त्याहिचं पाहून जिनदास हसला अन् तोबी चढला, तारामतीले हात देऊन चढवलं. भंवरीबाईले पुढं बसवलं. म्हने, चाल ग्यानबा, एक चक्कर मार, इतक्या वर्सांनी सारे संगं बसलो. मी चाकामागं बसलेलाच होतो. आठ झाले. जीप खाली बसत गेली, बसत गेली, अन् रबरावर टेकली. मी गाडी चालू करून दोन हात पुढं घेतली अन् गल्लीच्या दगडावर बूड असं आपटलं का तारामती ओरडली.

मी इंजन बंद केलं. खाली उतरलो. म्हनलं, सारे एकदम नाई जमत. एकेक करून बसा, मी एकेकाले फिरवून आनतो.

मागचा एकेक जन उतरला. लहाना तेवढा उतरेना. बाकाले धरून बसला अन् मले इचारू लागला, काहून नाई जमत, इतकी मोठी त जागा हाये. भंवरीबाई समोर काचेकडं पाहत होती.

त्याले काय सांगू, बाप्पा? जागा होती. जागा भरपूर होती. पाटे मी काढून ठेवले होते.